न्यायासनापुढे श्रमिक : इंग्लंडमधील निवाड्यांचा बोध

2025 च्या डिसेंबर महिन्यात ब्रिटनच्या पार्लमेंटने संमत केलेल्या रोजगार हक्क कायद्याला राजमान्यता मिळाली. त्यातील दोन महत्त्वाच्या तरतुदींमागे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या गेलेल्या दाव्यांची पार्श्वभूमी आहे. एका दाव्यात संघटना जिंकली होती. दुसऱ्यात कामगार स्त्री हरली होती, परंतु तिला हरवणारा कायदाच सदोष आहे असे न्यायालयाला जाहीर करावे लागले होते. 2017 पासून त्या न्यायासनाने श्रमिकांच्या प्रश्नांवर जे निर्णय दिले ते एकत्र वाचले, तर न्यायालयांकडून श्रमिकांनी कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये याचा एक स्पष्ट पाठ हाती येतो. तो पाठ केवळ इंग्लंडपुरता नाही.

डाव्या चळवळीत या बाबतीत दोन टोकाच्या भूमिका आढळतात. न्यायालये ही प्रस्थापितांची संस्था असल्याने तेथे श्रमिकांना काहीच मिळणार नाही, अशी एक भूमिका आहे. तिला आधार नाही असे नव्हे. 1977 साली प्राध्यापक ग्रिफिथ यांनी न्यायसंस्थेच्या राजकारणावरील आपल्या ग्रंथात, न्यायाधीशांचे संस्कार आणि त्यांचे स्थान यांमुळे सार्वजनिक हिताची त्यांची कल्पना कशी घडते, हे सप्रमाण मांडले होते. दुसरी भूमिका अलीकडची आहे. संघटना दुबळी झाली, संप परवडेनासे झाले, तेव्हा आता न्यायालय हाच एक आसरा उरला, असे ती सांगते. इंग्लंडमधील निवाडे या दोन्ही भूमिकांना खोटे पाडतात.

प्रारंभ 26 जुलै 2017 च्या निकालापासून करणे योग्य ठरेल. इंग्लंडमध्ये मालकाविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी न्यायाधिकरणे 1964 च्या कायद्याने निर्माण झाली. जवळजवळ अर्धशतक तेथे दाद मागण्यास शुल्क नव्हते. 2013 च्या जुलैत हुजूर पक्षप्रणीत सरकारने ते बसविले. थकलेले वेतन मागण्यासारख्या साध्या दाव्यास एकंदर 390 पौंड आणि अन्यायकारक बडतर्फी किंवा भेदभाव यांच्या दाव्यास 1200 पौंड. ज्याचा लाभ त्यानेच खर्च सोसावा, असे सरकारचे अर्थशास्त्र होते. खोट्या दाव्यांना आळा बसेल, अशी पुस्तीही त्यास जोडलेली होती. परिणाम असा झाला की दाव्यांची संख्या दोन तृतीयांशांहून अधिक घटली. खोटे दावे गळून खरे उरले असते, तर यशस्वी दाव्यांचे प्रमाण वाढावयास हवे होते. ते वाढले नाही. गळाले ते गरीब.

सार्वजनिक सेवेतील कामगारांची ‘युनिसन’ ही संघटना या शुल्काविरुद्ध न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयांत ती हरली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी मात्र एकमताने शुल्काचा आदेश मुळापासूनच बेकायदा ठरविला. लॉर्ड रीड यांचे निकालपत्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे आहे. न्यायालय म्हणजे ग्राहकाने दाम मोजून घ्यावयाची वस्तू, हा सरकारी युक्तिवाद त्यांनी अमान्य केला. एका कामगाराच्या दाव्यातून जे तत्त्व प्रस्थापित होते त्याचा लाभ कधी न्यायालयाची पायरीही न चढलेल्या लाखोंना मिळतो. किंबहुना दावा होऊ शकतो या जाणिवेनेच मालक कायदा पाळतो. दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. थकबाकीच थोडी असेल, तर तीसाठी शेकडो पौंड आधी भरून दाद मागणे कोणाही शहाण्या माणसाला परवडणार नाही. म्हणजे शुल्क ‘झेपण्याजोगे’ असले तरी हक्क व्यवहारात नष्टच होतो. पार्लमेंटने दिलेला हक्क मंत्र्याने शुल्काच्या वाटेने काढून घ्यावा, याला कायद्यात स्थान नाही. सरकारला वसूल केलेले पैसे परत करावे लागले.

दुसरा निवाडा 19 फेब्रुवारी 2021 चा, आणि तो जगभर गाजला. उबर या भाडेमोटार कंपनीचे म्हणणे असे होते की चालक हे तिचे कोणी नव्हेत. प्रत्येक चालक हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, तो प्रवाशाशी परस्पर करार करतो आणि कंपनी केवळ मधला दुवा जुळवून देते. करारपत्रेही तशीच लिहिली होती. इंग्रजी कायद्यात काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पूर्ण संरक्षण असलेला नोकर, किमान वेतन व पगारी रजा एवढे तरी मिळणारा श्रमिक आणि काहीच न मिळणारा स्वयंरोजगारी. चालकांना मधल्या वर्गात स्थान हवे होते. 2016 साली न्यायाधिकरणाने त्यांची बाजू मान्य केली. लंडनमधील 30 हजार चालक म्हणजे 30 हजार स्वतंत्र उद्योग, ही कल्पनाच हास्यास्पद असल्याचे त्याने नमूद केले. पुढे प्रत्येक पायरीवर कंपनी अपील करीत गेली आणि हरत गेली.

सर्वोच्च न्यायालयात लॉर्ड लेगॅट यांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. संरक्षक कायदा कशासाठी असतो? दुबळ्या बाजूला बलवानापासून वाचविण्यासाठी. मग बलवानाने स्वतःच लिहिलेले करारपत्र प्रमाण मानून संरक्षणाचा निर्णय करावयाचा, तर कायद्याचा हेतूच पराभूत होतो. म्हणून कागद बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहावयाची. भाडे कोण ठरवतो? कंपनी. अटी कोण घालतो? कंपनी. फेऱ्या नाकारणाऱ्या चालकाला यंत्रणेबाहेर कोण करतो? कंपनी. प्रवाशांनी दिलेल्या गुणांवरून चालकाला काढून कोण टाकतो? पुन्हा कंपनीच. चालकाला कमाई वाढविण्याचा एकच मार्ग मोकळा, तो म्हणजे अधिक तास गाडी हाकणे. याला व्यवसाय म्हणत नाहीत, मजुरी म्हणतात. 2011 साली मोटारी धुणाऱ्या कामगारांच्या खटल्यात याच न्यायालयाने घेतलेल्या भूमिकेचा हा पुढचा टप्पा होता.

या निकालातील आर्थिक गाभा मात्र ‘कामाचा वेळ’ कोणता या प्रश्नात आहे. चालक आपल्या परवान्याच्या हद्दीत आहे, यंत्रणेशी जोडलेला आहे आणि फेरी स्वीकारण्यास तयार आहे, तेव्हापासून तो कामावर आहे, असे न्यायाधिकरणाने ठरविले होते व सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. गिरणीत सूत आले नाही म्हणून माग थांबला, तर त्या रिकाम्या वेळाचा भार कोणी सोसावयाचा, हा भांडवलशाही इतकाच जुना प्रश्न आहे. उबरसारख्या कंपन्यांच्या नफ्याचे रहस्य त्यांच्या यंत्रचातुर्यात आहे तितकेच ते हा रिकामा वेळ चालकाच्या अंगावर टाकण्यात आहे. रस्त्यावर हजारो गाड्या तिष्ठत असतात म्हणूनच प्रवाशाला चार मिनिटांत गाडी मिळते. त्या तिष्ठण्याची किंमत मात्र कंपनीच्या हिशेबात शून्य असते. न्यायालयाने ती किंमत मान्य केली. त्यानंतर महिनाभरातच कंपनीने 70 हजारांहून अधिक चालकांना श्रमिकांचे हक्क देण्याचे जाहीर केले. परंतु वेळ मोजावयाची ती फेरी स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत, अशी मखलाशी तिने त्यातच केली. म्हणजे निकालाचे टरफल स्वीकारले आणि गर बाजूला ठेवला.

याच न्यायालयाने याच विषयावर एका महिन्याने, 19 मार्च 2021 रोजी काय म्हटले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. अपंग व असहाय माणसांची सेवा करणाऱ्या एका स्त्री कामगाराचा तो दावा होता. रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत तिने त्यांच्या घरी थांबावयाचे, गरज पडली तर उठावयाचे. या नऊ तासांचे तिला 29 पौंड 5 पेन्स मिळत. जागा सोडण्याची मुभा नाही, कान सतत उघडे, तरीही हा सर्व वेळ किमान वेतनासाठी धरता येणार नाही, प्रत्यक्ष जागून काम केले तेवढाच धरावा, असा निकाल झाला. कारण किमान वेतनाच्या नियमांतच झोपेच्या पाळीला वेगळे काढलेले होते आणि 1998 साली अल्पवेतन आयोगाने तशी शिफारस केलेली होती. मोटारीत वाट पाहणाऱ्या चालकाचा वेळ कामाचा आणि रुग्णाच्या उशाशी थांबलेल्या सेविकेचा वेळ नव्हे! विसंगती उघड आहे. तथापि न्यायालयाच्या दृष्टीने तीत विसंगती नव्हती. चालकाच्या बाबतीत कायद्याचे शब्द अनुकूल होते, सेविकेच्या बाबतीत प्रतिकूल. एवढाच फरक.

हीच मर्यादा 21 नोव्हेंबर 2023 च्या निकालात अधिक प्रखरपणे दिसली. दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या लंडनमधील कॅम्डेन व केंटिश टाउन भागातील मुलांच्या वतीने एका छोट्या स्वतंत्र संघटनेने 2016 साली वाटाघाटींसाठी मान्यता मागितली होती. कंपनीच्या करारात एक कलम होते. काम स्वतः न करता कोणाही बदलीला पाठविण्याची मुभा. हे कलम सुनावणीच्या थोडे आधी नव्या स्वरूपात घालण्यात आले होते आणि त्याचा वापर करणारे थोडेच होते. परंतु ते निव्वळ देखावा नाही, असा निष्कर्ष केंद्रीय लवाद समितीने काढला. जो स्वतः काम करण्यास बांधलेला नाही तो श्रमिक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष कायम केला आणि मानवी हक्कांच्या युरोपीय करारातील अकराव्या कलमाचे, म्हणजे संघटनास्वातंत्र्याचे, संरक्षणही या मुलांना या हेतूसाठी लागू नाही असे ठरविले.

मुंबईच्या गिरणगावात ‘बदली’ या शब्दाला एक करुण इतिहास आहे. कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळेल या आशेने पहाटे फाटकाशी उभा राहणारा तो बदली. त्याला हक्क नव्हते, कारण तो कायम नव्हता. लंडनमध्ये कंपनीने गंमत उलटी केली. प्रत्येकालाच बदली पाठविण्याची मुभा दिली आणि त्या मुभेच्या बळावर प्रत्येकाचाच हक्क काढून घेतला. न्यायालयाने हेही स्पष्ट केले की कंपनीने आपण होऊन संघटनेला मान्यता देण्यास काहीच आडकाठी नाही. तशी मान्यता कंपनीने 2022 साली दिलीही होती, परंतु लढणाऱ्या संघटनेला नव्हे, तर दुसऱ्या एका मोठ्या संघटनेला, आणि मुले स्वयंरोजगारीच आहेत हे गृहीत धरून. मालकाच्या मर्जीवर मिळालेली मान्यता आणि हक्काने मिळविलेली मान्यता यांतील अंतर कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

12 सप्टेंबर 2024 रोजी पारडे पुन्हा कामगारांकडे झुकले. टेस्को या बलाढ्य किराणा कंपनीने आपल्या गोदामांची पुनर्रचना करताना अनुभवी कामगारांनी सोडून जाऊ नये, दूरच्या जागी बदलून यावे म्हणून त्यांना जादा वेतन देऊ केले होते. हे वेतन कायमचे राहील, असे लेखी व तोंडी आश्वासन देण्यात आले होते. 2021 साली कंपनीला तो खर्च नकोसा वाटू लागला. एकरकमी भरपाई घेऊन हक्क सोडा, अन्यथा नोकरीवरून काढू आणि कमी वेतनावर पुन्हा घेऊ, असे तिने बजावले. करारात नोटीस देऊन काढण्याचा अधिकार आहेच, मग तो का वापरू नये? सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले की कायमच्या वेतनाचे वचन देऊन, तेच वचन मोडण्यासाठी बडतर्फीचा अधिकार वापरता येणार नाही. अशी मर्यादा करारात गर्भितच आहे. नुकसानभरपाईवर न थांबता न्यायालयाने मनाई हुकूमही कायम केला. इंग्रजी न्यायालये मालकाला नोकर ठेवण्याची सक्ती सहसा करीत नाहीत, हे लक्षात घेता याचे मोल मोठे आहे. परंतु येथेही मेख आहे. हे कामगार जिंकले कारण संघटनेने त्यावेळी वचन पक्के वदवून घेतले होते आणि ते करारात उतरविले होते. ज्यांच्यापाशी असे वचन नव्हते त्यांना काढून पुन्हा घेण्याच्या या प्रथेपासून या निकालाने संरक्षण मिळाले नाही. त्यासाठी कायदाच करावा लागला.

राहिला 17 एप्रिल 2024 चा निकाल. वायव्य इंग्लंडमधील सेवाकेंद्रांत काम करणारी एक कामगार प्रतिनिधी. झोपेच्या पाळीच्या मोबदल्यात कपात होऊ नये म्हणून 2019 साली झालेल्या कायदेशीर संपात तिने पुढाकार घेतला. तिला निलंबित करण्यात आले. पगार चालू राहिला, पण जादा कामाची कमाई बुडाली. इंग्रजी कायदा संपासाठी बडतर्फ करण्याविरुद्ध काही संरक्षण देतो. परंतु बडतर्फीहून कमी अशा त्रासाविरुद्ध 1992 च्या कायद्यात संरक्षणच नव्हते, कारण त्यातील संरक्षण कामाच्या वेळेबाहेरील संघटनाकार्याला होते आणि संप हा कामाच्या वेळीच करावयाचा असतो. न्यायमूर्ती लेडी सिम्लर यांनी ही पोकळी मान्य केली. संपाचा हक्क कागदावर द्यावयाचा आणि तो बजावणाऱ्याला वाटेल तसे छळण्याची मालकाला मोकळीक द्यावयाची, हे संघटनास्वातंत्र्याशी विसंगत आहे असे जाहीरही केले. परंतु कायद्यात नसलेले शब्द घालण्यास नकार दिला. तेथील व्यवस्थेत अशा घोषणेने कायदा रद्द होत नाही. तो बदलावयाचा की नाही ते पार्लमेंटने ठरवावयाचे. ज्या स्त्रीने पाच वर्षे लढा दिला तिच्या पदरात तत्त्व पडले, दाद पडली नाही.

आता हे सहा निवाडे शेजारी ठेवले की सूत्र दिसू लागते. कायद्याने हक्क दिला असेल, तर तो शुल्काने, करारपत्राच्या शब्दच्छलाने किंवा वचनभंगाने हिरावू देणार नाही, इथपर्यंत न्यायालय येते, आणि अलीकडे ते धैर्याने आले हे नमूद केलेच पाहिजे. कायद्याने हक्क दिला नसेल, किंवा मोजूनमापून वगळला असेल, तर तेच न्यायालय खेद व्यक्त करून थांबते. दार बंद असेल तर ते ठोठावता येते. भिंतीला दार पाडण्याचे काम न्यायाधीशाचे नव्हे.

भिंतीला दार कसे पडते, हे इंग्लंडच्याच इतिहासाने दाखविले आहे. 1901 साली टॅफ व्हेल रेल्वे कंपनीच्या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने संपाच्या नुकसानीबद्दल संघटनेची तिजोरी जबाबदार धरली आणि रेल्वे कामगारांच्या संघटनेला 23 हजार पौंडांचा दंड बसला. संप करणेच अशक्य झाले. कामगारांनी त्यावर पुनर्विचाराचे अर्ज केले नाहीत. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या आपल्या राजकीय संघटनेत बळ ओतले. 1906 च्या निवडणुकीत तिचे 29 प्रतिनिधी पार्लमेंटात पोहोचले आणि त्याच वर्षी व्यवसाय-कलह कायद्याने टॅफ व्हेलचा निवाडा पुसला गेला.

त्या कायद्याचा धागा थेट भारतापर्यंत येतो. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला, तेव्हा इंग्लंडमधील 1906 चे संरक्षण येथे नाही हे सर्वांच्या ध्यानात आले. मुंबईचे कामगारनेते ना. म. जोशी यांनी 1921 साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला आणि त्यातून 1926 चा कामगार संघटना कायदा आला. संप केल्याबद्दल नोंदणीकृत संघटनेवर दिवाणी दावा लावता येऊ नये, ही त्यातील तरतूद हे त्या लढ्याचे फळ. हा कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चारही श्रमसंहिता देशात अंमलात आल्या, आणि त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने मंचावरून काम करणाऱ्या चालकांची व पोऱ्यांची दखल घेतली खरी, परंतु परंपरागत मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे म्हणून. त्यांच्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीतून एक-दोन टक्के निधी आणि कल्याण योजना. किमान वेतन नाही, कामाच्या तासांची मर्यादा नाही. लंडनच्या चालकांना न्यायालयात जे मिळाले ते मागण्याची वाट येथे कायद्याच्या व्याख्येनेच अरुंद करून ठेवली आहे. उबरच्या निकालाचे दाखले देऊन ही वाट रुंद होणार नाही. व्याख्या बदलावी लागेल.

ब्रिटनमधील 2025 च्या कायद्याचेही निर्भेळ कौतुक करण्याचे कारण नाही. काढून पुन्हा घेण्याच्या प्रथेवर त्याने कडक बंधने घातली. संपकऱ्याला त्रास देण्याविरुद्ध संरक्षण दिले, पण कोणत्या प्रकारचा त्रास निषिद्ध ते नियमांनी ठरवावयाचे ठेवले. संपाच्या हक्कावर घाला घालणारा 2023 चा किमान सेवा कायदा रद्द केला. परंतु नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध संरक्षण देण्याचे मजूर पक्षाचे वचन लॉर्डांच्या सभागृहातील विरोधानंतर सहा महिन्यांच्या अटीवर आले. आणि नोकर व श्रमिक यांतील भेद मिटवून सर्वांना एकच दर्जा देण्याचा प्रश्न, ज्यावर डिलिव्हरूच्या मुलांचे भवितव्य अवलंबून आहे, तो पुढील विचारविनिमयासाठी राखून ठेवला गेला. ज्यांची संघटना प्रबळ त्यांचे कलम कायद्यात आले; ज्यांची दुबळी त्यांचे लांबणीवर पडले.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. न्यायालयाकडे पाठ फिरविणे हा शहाणपणा नव्हे. ‘युनिसन’ने शुल्काविरुद्ध चार वर्षे दावा चालविला नसता, तर लाखो गरीब कामगारांना दार बंदच राहिले असते. परंतु तो दावा चालवावयास संघटना लागली. टेस्कोच्या कामगारांचे वचन करारात नोंदवावयासही संघटनाच लागली होती. उबरचा निकाल हाती आल्यावर कंपनीची मखलाशी उघड करून प्रत्येक चालकाला त्याच्या वाट पाहण्याच्या तासांचा हिशेब मागावयास शिकविण्याचे कामही संघटनेचेच. आणि जेथे निकालपत्र खेद व्यक्त करून थांबते, तेथून पुढे सुरू होते ते राजकारण. भाडेमोटारीच्या तळावर, जेवणाचे डबे घेऊन उपाहारगृहापुढे तिष्ठणाऱ्या मुलांच्या घोळक्यात, रात्रपाळीच्या सेविकांच्या वस्तीत जाऊन सभासद नोंदविणे, हे काम निकालपत्रे वाचण्याइतके सुखाचे नाही. परंतु उद्याच्या निकालपत्रात काय लिहिले जाईल, ते बव्हंशी याच कामावर ठरणार आहे.